कारेन कुटुंबाचं पहिलं वर्ष: व्हिक्टोरियातल्या मराठी स्वयंसेवकांसाठी

वेरिबी, टार्निट, पॉइंट कुक या मेलबर्नच्या पश्चिम पट्ट्यात मराठी घरं किती वाढली आहेत, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. याच वस्त्यांमध्ये कारेन कुटुंबंही राहतात. खांद्याला हातमागावर विणलेली झोळी लावलेल्या, पान खाणाऱ्या या बायका आपल्याला दुकानात दिसतात, आपण हसतो आणि पुढे जातो. मी काही वर्षं नव्याने आलेल्या कारेन कुटुंबांना सोबत करते आहे. आता मराठी मंडळींपैकी बरेच जण विचारतात, ‘आम्हालाही यायचंय, सुरुवात कुठून करायची?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी थोडी ओळख, कारण तिच्याशिवाय पुढच्या पायऱ्या कळणार नाहीत. कारेन हे म्यानमारच्या आग्नेय डोंगराळ भागातले आणि इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातले लोक. स्गॉ आणि प्वो या त्यांच्या दोन मोठ्या भाषा. त्यांच्यात बौद्ध आहेत, ख्रिस्ती आहेत, जुने निसर्गपूजेचे विधी पाळणारेही आहेत. ३१ जानेवारी १९४९ पासून तिथे कारेन संघटना आणि सरकार यांच्यात युद्ध चालू आहे. लष्कराने बंडखोरांचं अन्न, पैसा, माहिती आणि माणसं तोडण्याचं ‘चार तोड’ धोरण राबवलं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होता गावं आणि भाताची कोठारं जाळणं. १९८४ पासून लोक सीमा ओलांडून थायलंडमध्ये राहू लागले. सीमेवर नऊ छावण्या आहेत, ताक प्रांतातली मे ला ही सर्वांत मोठी. थायलंडने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे छावणीबाहेर पडणं आणि काम करणं कित्येक दशकं बेकायदा होतं. कामाची परवानगी द्यायचा निर्णय तिथल्या सरकारने घेतला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये.

म्हणजे तुम्हाला भेटणारी पंचवीस वर्षांची आई कदाचित छावणीतच जन्मलेली असेल. तांदूळ किती, डाळ किती, कोळसा किती, घर कुठे, हे सगळं आजवर दुसऱ्याने ठरवलं. तिने भाडेकरार पाहिलेला नाही, पण मोजक्या शिध्यात सहा माणसांचं घर चालवलं आहे. तिला निर्णय घेता येतात, फक्त तशी संधी मिळालेली नाही. ती संधी देणं, एवढंच तुमचं खरं काम आहे. घाईत आपण तिच्या वतीने ठरवून टाकलं, की छावणीच पुन्हा सुरू होते.

१. आधी स्वतःची कागदपत्रं

परस्पर कुणाच्या घरी जाऊन मदत सुरू करू नका. मुलांशी संबंध येणार असेल तर ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ लागतो. व्हिक्टोरियात स्वयंसेवकांना तो मोफत मिळतो. बहुतेक संस्था पोलीस तपासणीही मागतात. मानवतावादी व्हिसावर आलेल्या कुटुंबाला सरकारच्या ह्युमॅनिटेरियन सेटलमेंट प्रोग्रॅममधून एक केस मॅनेजर मिळतो. मेलबर्नमध्ये हे काम बरीच वर्षं एमिस ऑस्ट्रेलिया ही संस्था करत आली आहे. अशा संस्थेमार्फत, स्थानिक कारेन चर्चमार्फत किंवा शेजारच्या नेबरहुड हाउसमार्फत नाव नोंदवा. पाच किंवा अधिक प्रौढांचा गट जमत असेल तर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘क्रिस्प’ ही सामुदायिक प्रायोजन योजना बघा. त्यात गट एका कुटुंबाला बारा महिने सोबत करतो. तिथे कुटुंब कोणत्याही देशाचं असू शकतं, हे धरून चला.

आठवड्याचा कोणता दिवस, किती तास, फोन कधी उचलाल, हे पहिल्याच भेटीत दुभाष्यासमोर सांगा. उत्साहाच्या भरात ‘कधीही फोन करा’ म्हणू नका. ते फोन करणार नाहीत, आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे.

२. नावं नीट समजून घ्या

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

कारेन लोकांना आडनाव नसतं. नवरा, बायको, मुलं, प्रत्येकाचं नाव स्वतंत्र. स्गॉ पुरुषाच्या नावाआधी ‘सॉ’ आणि बाईच्या नावाआधी ‘नॉ’ लागतं. प्वो लोकांत ‘मान’ आणि ‘नान’ ऐकू येतं. ही आदराची उपपदं आहेत, आपल्या श्री. आणि सौ.सारखी. ऑस्ट्रेलियाच्या अर्जात मात्र ‘फॅमिली नेम’चा रकाना भरावाच लागतो. मग एखाद्या अधिकाऱ्याने ‘नॉ’ हेच पहिलं नाव धरलेलं असतं, दुसऱ्याने नावातला शेवटचा शब्द आडनाव म्हणून टाकलेला असतो. बापाचं एक ‘आडनाव’, आईचं दुसरं, तीन मुलांची तीन. शाळा विचारते, ही मुलं नक्की यांचीच ना? मेडिकेअरचं स्पेलिंग बँकेशी जुळत नाही आणि संगणक ओळख पटवायला नकार देतो.

उपाय एकच: व्हिसा मंजुरीच्या पत्रावर जसं नाव छापलं आहे, अगदी तसंच, शब्दांमधली मोकळी जागा आणि क्रम तोच ठेवून सगळीकडे लिहा. चुकीचं वाटलं तरी मधेच सुधारू नका. सुधारणा करायचीच असेल तर ती गृह खात्याकडे रीतसर करायची, आणि तीही कुटुंबाला हवी असेल तरच. बऱ्याच मोठ्या माणसांची जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण छावणीत नोंद करताना फक्त वर्ष ठाऊक होतं. तिच्याबद्दल काउंटरवर सगळ्यांसमोर आश्चर्य दाखवू नका.

समोरासमोर बोलताना नुसत्या नावाने हाक मारणं मोठ्या माणसांना रुचत नाही. वयाने मोठ्या पुरुषाला ‘पाती’, बाईला ‘मूगा’ म्हणा. काका-मावशी म्हणायला आपल्याला शिकवावं लागत नाही, तेच इथे. शिक्षकाला आणि पाद्र्याला ‘थरा’, बाई असतील तर ‘थरामू’.

३. पहिल्या महिन्याची फाइल

बहुतेक कामं केस मॅनेजर करतो. तुम्ही फक्त एक प्लास्टिकची फाइल आणा, कप्प्यांना चित्रं किंवा रंग लावा आणि ती त्यांच्या घरात ठेवा, तुमच्याकडे नको. फाइलमध्ये हे हवं:

– व्हिसा मंजुरीचं पत्र आणि इमिकार्ड किंवा प्रवासाचा कागद
– निघण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीचे कागद, छातीचे एक्स-रे, मुलांच्या लसींची नोंद
– मेडिकेअर कार्ड
– सेंटरलिंकचा ग्राहक क्रमांक आणि हेल्थ केअर कार्ड
– टॅक्स फाइल नंबर
– बँकेचं कार्ड आणि खात्याचा तपशील
– भाडेकरार, बाँड भरल्याची पावती, घराच्या स्थितीचा अहवाल
– मुलांच्या शाळेची कागदपत्रं

आयओएमची (आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची) जी पिशवी घेऊन ते विमानातून उतरतात, तिच्यातला एकही कागद टाकू देऊ नका. साफसफाई करताना ती पिशवी हमखास कचऱ्यात जाते.

मायगव्ह खातं उघडताना पासवर्ड तुमच्या फोनमध्ये साठवू नका. ते सोयीचं वाटतं, पण नंतर प्रत्येक पत्रासाठी ते तुमच्यावर अवलंबून राहतात.

४. दुभाषा मागताना

टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषा सेवेचा क्रमांक १३१ ४५०. चोवीस तास चालतो. फोन केल्यावर ‘कारेन’ एवढंच सांगून थांबू नका, ‘स्गॉ कारेन’ की ‘प्वो कारेन’ ते सांगा. कुटुंबाला आधी विचारून घ्या. कारेनी म्हणजे काया हे वेगळे लोक, त्यांची भाषा वेगळी, नावातल्या साम्यामुळे दुभाषा चुकीचा येतो. ‘म्यानमारचे आहेत, मग बर्मी चालेल’ असं दवाखान्यात सर्रास ठरवलं जातं. काही जणांना बर्मी येते, काहींना अजिबात येत नाही, आणि काहींसाठी ती सैनिकांची भाषा आहे. डॉक्टरांसाठी टीआयएसची स्वतंत्र, मोफत प्राधान्य लाइन आहे. रिसेप्शनवर ‘सोय नाही’ म्हणाले तर शांतपणे तिची आठवण करून द्या.

मुलांना दुभाषा करू नका. दहा वर्षांची मुलगी सहा महिन्यांत झकास इंग्रजी बोलू लागते आणि सगळेच तिच्याकडे वळतात. आईच्या पाळीबद्दल, बापाच्या छळाबद्दल, भाडं थकल्याबद्दल तिच्या तोंडून बोलवून घेणं क्रूर आहे. घरात आईवडिलांचा शब्दही त्यामुळे हलका होतो.

५. ‘हो’ म्हणजे काय, ते ओळखा

हे माझ्या मते सगळ्या लेखातलं महत्त्वाचं. समोरच्याला, विशेषतः मदत करणाऱ्याला, नाही म्हणणं कारेन शिष्टाचारात अवघड आहे. कुणाला भार होऊ नये ही भावना फार खोल आहे. त्यामुळे ‘समजलं का?’ला उत्तर ‘हो’. ‘मंगळवार चालेल?’, ‘हो’. ‘अजून काही हवंय?’, ‘नको’.

असे प्रश्न विचारणंच सोडा. ‘मंगळवार की गुरुवार?’ असं विचारा. ‘ही गोळी कधी घ्यायची, मला दाखवा’ म्हणा. गप्प बसले तर गप्प राहू द्या, उत्तर यायला वेळ लागतो. पलीकडून होकार आला पण नजर नवऱ्याकडे, सासूकडे वळली, तर तो विषय पुढच्या भेटीपर्यंत ठेवा. निर्णय बहुतेकदा घरात बसून, मोठ्यांना विचारून होतो.

घरात जाताना चपला बाहेर काढा. वस्तू उजव्या हाताने द्या-घ्या, डावा हात उजव्या कोपराला लावून. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, लहान मुलाच्याही. दोन मोठी माणसं बोलत असतील तर त्यांच्यामधून जाताना वाकून जा. हात बांधून उभा राहिलेला तरुण उर्मट नसतो, तो तुम्हाला मान देतो आहे. शाळेतल्या शिक्षकांना हे सांगा, कारण तिथे याचा उलटा अर्थ लागतो.

आणि जेवायला बसवलं तर बसा. ‘जेवलात का?’ हेच त्यांच्याकडेही विचारपूस करण्याचं वाक्य आहे. भात, आंबवलेल्या मासळीची चटणी, तिखट मिरची, बांबूचे कोंब घातलेलं तालापॉ नावाचं पातळसर कालवण. कोकणातल्या माणसाला सुकटाचा वास नवा नाही आणि बांबूच्या कोंबांची भाजीही नवी नाही. तुम्ही शाकाहारी असाल तर आधी दुभाष्यामार्फत कळवा. ताटावर बसून नाही म्हणणं त्यांना फार लागतं.

६. घर आणि घरातले धोके

भाड्याच्या घरात शिरल्यावर स्थितीचा अहवाल कामाच्या पाच दिवसांत भरून परत द्यायचा असतो. प्रत्येक भिंतीचा, गालिच्याच्या प्रत्येक डागाचा फोटो काढा, तारीख दिसू द्या. बाँड हा घरमालकाच्या खात्यात ठेवायचा नसतो, तो रेसिडेन्शियल टेनन्सीज बाँड अथॉरिटीकडे जमा होतो. त्याची पावती बघितल्याशिवाय स्वस्थ बसू नका.

छावणीत स्वयंपाक कोळशावर व्हायचा. मेलबर्नच्या जुलैत घर थंडगार असतं, वीजबिलाची भीती असते आणि कुणीतरी शेगडी पेटवून खोलीत आणतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिल्याच हिवाळ्याआधी दुभाष्यामार्फत हे स्पष्ट सांगा: कोळसा आणि बार्बेक्यू घराबाहेरच. धूर-अलार्म वाजवून दाखवा, तो का काढून ठेवायचा नाही तेही सांगा. हेटर कसा चालतो, महिन्याला साधारण किती खर्च येईल, बिलात सवलत कशी मिळते हे एकदा बसून समजावलं तर शेगडीची गरजच उरत नाही.

जुन्या रजया, लोकरी कपडे देणार असाल तर डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले देऊ नका. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या लोकांत जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता बरीच आढळते. अशा माणसाला, खासकरून तान्ह्या बाळाला, त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे रक्तपेशी फुटून जिवावर बेतू शकतं.

७. दवाखाना

व्हिक्टोरियात सामुदायिक आरोग्य केंद्रांत निर्वासितांसाठी खास परिचारिका असतात. पहिली तपासणी तिथून सुरू करून घ्या. मुलांच्या परदेशातल्या लसी ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरमध्ये चढल्या आहेत ना, हे बघा. त्या नोंदीवर कौटुंबिक भत्ताही अवलंबून आहे आणि बालवाडीचा प्रवेशही.

जी६पीडी, थॅलेसेमिया, हिपॅटायटिस बी यांची तपासणी झाली का, असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. पान-सुपारीबद्दल व्याख्यान देऊ नका. सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो हे खरं आहे, पण ते डॉक्टरांनी सांगू द्या. आपल्या आजीच्या डब्यातली सुपारी आठवून बोला म्हणजे सूर नीट लागेल.

झोप न लागणं, सतत डोकं दुखणं, गणवेशातला माणूस दारात दिसला की थिजून जाणं, हे पाहिलंत तर खोदून विचारू नका. ‘तिकडे काय झालं?’ हा प्रश्न तुमचा नाहीच. मेलबर्नमध्ये फाउंडेशन हाउस ही संस्था छळ आणि युद्धातून आलेल्यांसोबतच काम करते. केस मॅनेजरला किंवा परिचारिकेला सांगा, ते तिकडे पाठवतील.

८. इंग्रजी आणि शाळा

प्रौढांसाठी एएमईपी या सरकारी योजनेचे इंग्रजीचे वर्ग मोफत आहेत, मुलं सांभाळायची सोयही बऱ्याच ठिकाणी असते. तरुण बाप पहिल्याच महिन्यात मांस कारखान्यात किंवा शेतावर काम धरतो आणि वर्ग सुटतो. ते समजण्यासारखं आहे, मागे नातेवाईक उपाशी असतात. संध्याकाळचा वर्ग किंवा घरी येणारा स्वयंसेवक शिक्षक शोधून द्या.

नव्याने आलेली मुलं आधी इंग्रजी भाषा शाळेत किंवा केंद्रात जातात, मग नेहमीच्या शाळेत. पत्रकं, सहलीची परवानगी, खेळाचा दिवस, डब्यात काय द्यायचं, या फुटकळ गोष्टींवर पालक अडतात. तिथे तुमचा खरा उपयोग. मुलांना मारण्याबद्दल आणि एकटं घरी ठेवण्याबद्दलचे इथले कायदे दुभाष्यासमोर, कुणालाही दोष न देता सांगा.

९. रान आणि पाणी

कारेन माणूस रानात रमतो. भाजी लावायला जमीन मिळाली की घराचा चेहरा बदलतो, तेव्हा सामुदायिक बागेत वाफा मिळवून देणं ही उत्तम मदत आहे.

मात्र इथल्या शरद ऋतूत (मार्च ते मे), पाऊस झाल्यावर, ओकच्या झाडांखाली जी फिकट हिरवट छत्री उगवते ती डेथ कॅप ही विषारी अळंबी. आग्नेय आशियात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी ती दिसते. शिजवून विष जात नाही. उलट्या कित्येक तासांनी सुरू होतात, मधे बरं वाटतं, तोवर यकृत निकामी होत असतं. इथली रानअळंबी खायचीच नाही, हा एक नियम वर्षातून दोनदा सांगा. संशय आला तर लक्षणांची वाट न बघता विषमाहिती केंद्राला फोन: १३ ११ २६. उरलेली अळंबी टाकू नका, दवाखान्यात सोबत न्या.

मासेमारीला प्रौढांना परवाना लागतो, आकाराची आणि संख्येची मर्यादा असते. पोर्ट फिलिपच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यातले शिंपले गोळा करायला बंदी आहे. दंड मोठा असतो आणि ‘माहीत नव्हतं’ चालत नाही. मुलांना पोहायला घाला. हे मागाहून करायचं काम नाही.

१०. पैसा

दारावर येणारे विक्रेते, हप्त्यावरचा फोन, हप्त्यावरची गाडी, ‘कर खात्यातून बोलतोय’ असे फोन, या सगळ्यांना ‘हो’ मिळतो. कारण वर सांगितलं आहे. दाराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: ‘आज सही नाही.’ सोबत तेच वाक्य इंग्रजीत लिहा, म्हणजे विक्रेत्याला ते दाखवता येईल.

छावणीत पैसे पाठवण्यावरून कुणाला शहाणपण शिकवू नका. अमेरिकेची मदत आटल्यावर २०२५ च्या मध्यापासून छावण्यांतल्या बहुतेक कुटुंबांचा शिधा थांबला. महिन्याच्या हिशेबात ती रक्कम भाड्याइतकीच ठाम धरा आणि बाकीचा हिशेब तिच्याभोवती बसवा.

नोकरीसाठी शहर सोडायचं का, हा प्रश्न कधीतरी येतो. निल या मेलबर्न आणि ॲडलेडच्या मधल्या छोट्या गावात लव्ह-अ-डक या बदक-मांसाच्या कंपनीला माणसं हवी होती. २०१० च्या सुमारास तिचे तेव्हाचे प्रमुख जॉन मिलिंग्टन आणि त्यांच्या पत्नी मार्गरेट यांनी गावाला आधी तयार केलं, कारेन कुटुंबांना आधी गाव दाखवलं, मग थोडी थोडी कुटुंबं नेली. एमिस आणि डेलॉइटच्या २०१५ च्या अहवालाने पाच वर्षांत त्या भागाला झालेला फायदा ४ कोटी १५ लाख डॉलर आणि सुमारे ७० पूर्णवेळ नोकऱ्या इतका काढला. ते जमलं ते सावकाशीमुळे. तुमच्या कुटुंबालाही आधी जाऊन बघून येऊ द्या: शाळा, डॉक्टर, चर्च किंवा विहार, तांदळाचं दुकान.

११. सणाला जा

कारेन नववर्ष डिसेंबर-जानेवारीत येतं. आपल्या इसवी सनात ७३९ मिळवले की त्यांचं वर्ष निघतं. डोन नाच, बेडकांच्या आकृत्या असलेला काशाचा ढोल, म्हशीचं शिंग. ऑगस्टमध्ये मनगटाला पांढरा दोरा बांधण्याचा विधी असतो, भटकलेल्या जीवांना परत बोलावण्यासाठी. बोलावलं तर मुलांना घेऊन जा. लांब पांढरा झगा अविवाहित मुलींचा असतो, तेव्हा कौतुकाने सुनेच्या अंगावर घालायला मागू नका. १२ ऑगस्ट हा त्यांचा हुतात्मा दिन, कारेन नेते सॉ बा ऊ जी १९५० मध्ये याच दिवशी मारले गेले. त्या दिवशी भेट ठरवू नका.

१२. पुढच्या वर्षांसाठी दोन तारखा

मानवतावादी व्हिसा हा पहिल्या दिवसापासून कायम वास्तव्याचा असतो. चार वर्षं पूर्ण झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. परीक्षेत २० प्रश्न, ७५ टक्के लागतात आणि मूल्यांवरचे पाचही प्रश्न बरोबर यावे लागतात. साठी ओलांडलेल्यांना परीक्षा नाही.

दुसरी तारीख जास्त नाजूक आहे. छावणीत किंवा म्यानमारमध्ये मागे राहिलेला जोडीदार किंवा अवलंबून असलेली मुलं यांना ‘विभक्त कुटुंब’ म्हणून बोलवायचं, तर व्हिसा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि ती माणसं मूळ अर्जात नोंदवलेली असावी लागतात. हा अर्ज कुण्या ओळखीच्या ‘एजंट’कडून पैसे देऊन भरून घेऊ देऊ नका, आणि तुम्हीही भरू नका. नोंदणी नसलेल्या माणसाने असा सल्ला देणं बेकायदा आहे. मेलबर्नमध्ये रेफ्युजी लीगल मोफत सल्ला देते. पहिल्या वर्षातच तिथली वेळ घ्या, स्गॉ किंवा प्वो दुभाषा आधी सांगून ठेवा आणि फाइल सोबत न्या.